सगळं घर एका दांडीखाली

तीर्थरूप मामांना,

वाकून नमस्कार. (कंबरेला सध्या पट्टा आहे आणि डॉक्टरांनी तीस अंशांपुढे वाकायला मनाई केली आहे. उरलेले साठ अंश कागदावरून पोचले असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? आई म्हणाली, जिना अजून चढवत नाही आणि महिनाभर तुम्ही फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. काळजी घ्या. मामींचं ब्लडप्रेशर आणि तुमच्या गच्चीवरची कबुतरं, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. इकडे सगळं ठीक आहे, असं पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढचा मजकूर वाचताना ते वाक्य गृहीत धरू नये.

तुमचा निरोप आईकडून मिळाला. 'तिला म्हणावं, जरा जुळवून घे.' आईने तो एकाच फोनमध्ये तीनदा सांगितला. पहिल्यांदा तुमच्या आवाजात, दुसऱ्यांदा स्वतःच्या, तिसऱ्यांदा रडत. चार वर्षांपूर्वी तुम्ही साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकलात आणि मी आता तुम्हाला तोंडघशी पाडतेय, असा एकंदर सूर होता. म्हणून काय झालं ते सविस्तर कळवते. (आईला थोडक्यात सांगितलं होतं. थोडक्यात सांगितलं की मी उर्मट वाटते, असं ती म्हणते. सविस्तर सांगितलं की कंटाळवाणी. त्यातलं दुसरं मला चालतं.) मुद्दा एवढाच आहे की आमच्या पार्कमध्ये होऊ घातलेल्या नव्या रोलर कोस्टरच्या एका कागदावर पार्कची इंजिनिअर म्हणून माझी सही हवी आहे, आणि ती मी केलेली नाही. कागदावर लिहिलंय की पंच्याण्णव सेंटिमीटरच्या वरच्या कोणालाही या गाडीत बसवणं सुरक्षित आहे. पंच्याण्णव सेंटिमीटर म्हणजे साधारण तीन वर्षांचं मूल. सही झाली की फाइल सरकारी तपासणी खात्याकडे जाईल आणि पुढच्या हंगामात ते मूल गाडीत बसेल. माझ्या हिशेबाने त्यातलं एखादं गाडीबरोबर परत येणार नाही. बाकी सगळा विस्तार आहे. आमच्या पार्कचाही विस्तारच चाललाय, त्यामुळे इलाज नाही.

आमचे मालक, म्हणजे साहेब, तुमच्या ओळखीचेच. त्यांची मूळ कल्पना चांगली होती, हे आधीच नोंदवते, नाहीतर मी डूख धरून लिहितेय असं वाटेल. आमच्याकडे एक मोठा कोस्टर आहे. त्यावर बाप आणि मोठं पोर जातं. धाकटं पोर, आई, आजी आणि सगळ्यांच्या पिशव्या खालच्या बाकावर बसतात. तो बाक हे आमच्या पार्कमधलं सर्वांत जास्त चालणारं आकर्षण आहे आणि त्याला देखभालही लागत नाही. तर बाकावर कोणी म्हणजे कोणी उरू नये, असा एक कोस्टर बांधायचा: बुटका, हळू, सगळ्या घराला पुरेल असा. तळ्यामागे भूतबंगला होता (तो पाडला, मुलं घाबरेनाशी झाली होती आणि भुतांचं काम करणारे खचले होते) तिथे पायाचे अकरा खड्डे खणून झालेत. स्वागतकक्षात काचेच्या पेटीत छोटा नमुना ठेवलाय, त्यात स्पंजची झाडं आणि नखाएवढी माणसं आहेत. पहिलं ड्रॉइंग आलं तेव्हा मी ते आठ दिवस तपासलं आणि आनंदाने सही केली. तुम्ही मला लहानपणी पाळण्यात बसवण्याआधी पाळणेवाल्याला एकेका बोल्टबद्दल इतके प्रश्न विचारायचात की आपली पाळी येईपर्यंत दिवे मालवायची वेळ व्हायची. त्यामुळे बिनधोक आणि तरीही चालू असलेला पाळणा, ही माझी जुनी इच्छा आहे.

घोळ एकाच दिवशी झाला, एकदा सकाळी अकराला आणि एकदा दुपारी चारला. अकराला साहेबांनी संगणकावर कोस्टरची फिल्म पाहिली आणि म्हणाले, हे लिफ्टने वर जाऊन खाली आल्यासारखं वाटतं, पोटात गोळा कुठे येतो? एक उंचवटा टाका. रूळ आणि गाड्या बनवणाऱ्या कारखान्याला तसं पत्र गेलं. चारला आमच्या जाहिरातप्रमुखांनी गाडीचं चित्र पाहिलं. त्यात प्रत्येक सीटला आपापली दांडी होती, म्हणजे मांडीवर येऊन अडकणारा तो आडवा पाइप, जो माणसाला जागेवर ठेवतो. शेजारी बसून प्रत्येक जण वेगळा अडकलेला, हे कुटुंब आहे का दाताच्या डॉक्टरकडची रांग, असं त्यांनी विचारलं. दोघांत मिळून एकच लांब दांडी हवी. कारखान्याला दुसरं पत्र गेलं. कारखाना शिस्तीचा आहे, त्याने प्रत्येक पत्राला वेगळं उत्तर दिलं. (त्यांच्याकडेही खाती दोन आहेत.) पहिल्याला: उंचवटा चालेल, मात्र दांडी प्रत्येकाला स्वतंत्र हवी. दुसऱ्याला: दोघांत एक दांडी चालेल, मात्र रुळांवर उंचवटा नको. पहिलं उत्तर बांधकामाच्या फाइलीत लागलं, दुसरं जाहिरातीच्या. दोन्हींवर 'मंजूर' असा शिक्का बसला. आमच्याकडे 'मात्र'च्या पुढचं वाचायची पद्धत नाही.

आता यात बिघडलं काय, ते तुमच्यासारख्या इंजिनिअरला सांगायला नको, पण आईसाठी लिहून ठेवते, कारण हे पत्र तिच्या हाती जाईलच. उंचवट्यावर गाडी चढते आणि एकदम खाली वळते. आतला माणूस मात्र आठ दशांश सेकंद वरच जात राहतो. (पोटातला गोळा तो हाच.) तेवढा वेळ त्याला धरून ठेवते ती दांडी. दोघांत एक दांडी असली की ती जाडजूड माणसावर टेकून थांबते आणि शेजारच्या बारक्यापर्यंत पोचतच नाही. कुठल्याही घरात हे बघायला मिळतं. पण घरात रुळांवर उंचवटा नसतो.

नमुन्याची एक गाडी आली, ती शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. मी म्हटलं, मतं नकोत, मापं घेऊ. मोठ्या कोस्टरवरच्या फोरमनकाकांनी (बत्तीस वर्षं नोकरी, माझ्याशी बोलणारे आता एकटेच) मला जाडी मोजायला फळ्यांचा एक हातभर कॅलिपर करून दिला, आणि तिकीटखिडकीजवळ बाक टाकून मी येणाऱ्या घरांना विनंती करू लागले की एक मोठं आणि एक लहान असं शेजारी बसा, मांडीची जाडी मोजायची आहे. हे वाक्य अनोळखी माणसाला बोलून बघा. एका आजोबांना मी शिवणकाम करणारी वाटले; कंबरही जरा सैल ठेवा म्हणाले. एका बाईंनी नवऱ्याच्या वतीने नकार दिला आणि त्याला दंडाला धरून पुढे नेलं. एक गृहस्थ माप झाल्यावर हळूच म्हणाले, गेल्या वर्षीपेक्षा कमी आहे ना? गेल्या वर्षीचं माप माझ्याकडे नाही, असं मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. (हो म्हणायला हवं होतं, असं फोरमनकाकांचं मत. मापात मी हो म्हणत नाही.) नऊ दिवसांत दोनशे चौदा जोड्या झाल्या. मुलाची मांडी आणि दांडी यांतली फट सरासरी तेरा सेंटिमीटर, सगळ्यात मोठी बावीस. कंबर यातच गेली. तेव्हापासून पार्कमध्ये मला फूटपट्टी म्हणतात. तोंडावर 'फूटपट्टी मॅडम', आदराने.

मापं साहेबांना नेऊन दाखवली. आकड्यांवरून त्यांना काही दिसत नाही म्हणाले, गाडीत बसूनच बघू. मला बरं वाटलं, ते खोटं का सांगा. ठरल्या वेळी ते आले, बरोबर चार वर्षांची नात, आणि जाहिरातप्रमुख फोटोग्राफरला घेऊन. साहेब बसले, शेजारी नात बसली, दांडी साहेबांच्या पोटावर टेकून खट् झाली. (ते पोट मी मोजलेलं नाही. नोकरीत आहे अजून.) साहेबांनी डोळे मिटले, उंचवटा आलाय अशी कल्पना केली आणि अंग मागे टाकलं. तेवढ्यात नातीला फोरमनकाकांच्या डब्याशी बसलेलं मांजर दिसलं. ती दांडीखालून सरळ उभी राहिली, गाडीतून उतरली, मांजराच्या पाठीवरून हात फिरवला, परत चढली आणि दांडीखाली शिरून आजोबांशेजारी बसली. साहेबांनी डोळे उघडले तेव्हा ती होती तिथेच होती. बघ, ते मला म्हणाले, किती मोकळं वाटतंय पोरीला. फोटोग्राफर म्हणाला, भाव छान आलेत. मी सांगितलं की ती मधल्या वेळात बाहेर जाऊन आली. साहेबांनी नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आली ना परत?"

उंचवट्यावरून परत येता येत नाही, असं मी म्हटलं. त्यावर ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फोटोग्राफरला थांबायला सांगितलं आणि घरच्या मुलीला समजवावं तशा आवाजात म्हणाले, "अगं, शेजारी बाप बसलेला असतो. बाप धरेल की."

या वाक्यात आकडा नव्हता. म्हणून मी आकडा शोधायला गेले. आमच्या जुन्या झुकझुक गाडीच्या रुळांवर एक बारीक उंचवटा आहे, इतका बारीक की नुसतं पाणी प्यायलेलं पोट हलावं. त्यावरच्या पुलावर मी चार दिवस उभी राहिले आणि दोनशे मोठी माणसं मोजली, प्रत्येकाशेजारी एक लहान. उंचवटा आला तेव्हा दोन्ही हात हवेत असलेले एकशे बारा. स्वतःची टोपी, चष्मा नाहीतर फोन धरलेले चौसष्ट. शेजारच्या मुलाला धरलेले चोवीस, आणि त्या चोवीसांत सतरा आज्या. (आमच्या घरातल्या बापाने काय धरलं आणि काय सोडलं ते तुम्हाला ठाऊक आहे. आई आणि मी जागेवर राहिलो ते तुम्ही होतात म्हणून. हे मी साहेबांना सांगितलं नाही. ते त्यांना उदाहरण वाटलं असतं.) आकडे घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले तर पाठीमागे भिंतभर नवा फलक लागलेला. वर मोठ्या अक्षरांत 'सगळं घर एका दांडीखाली', खाली चार जणांचं हसरं घर, आणि बापाचे दोन्ही हात वर. मी त्या हातांकडे बोट दाखवलं. जाहिरातप्रमुख म्हणाले, हात खाली घेऊन पाहिले होते, पण मग मजा दिसत नाही.

मी तीन उपाय लिहून दिले. उंचवटा काढा, किंवा दांड्या वेगळ्या करा, किंवा पंच्याण्णवच्या जागी एकशे वीस सेंटिमीटर करा. उंचवटा काढला तर गोळा येत नाही. दांड्या वेगळ्या करायच्या तर गाड्या नव्याने बनवण्यात हंगाम जातो आणि फलक उतरवावा लागतो. एकशे वीस केलं तर धाकटं पोर पुन्हा बाकावर, आणि त्याच्यामागून आई, आजी, पिशव्या. साहेबांनी चौथा उपाय काढला आणि माझं टेबल हलवलं. आता मी गोदामात बसते. तिथे सशांची अकरा मुंडकी आहेत, म्हणजे आमची माणसं डोक्यावर घालून मुलांशी हस्तांदोलन करतात ती. दिवसभर सगळे ससे माझ्याकडे बघून हसत असतात. एकाला कान नाही, त्याच्याशी माझं बरं जमतं. कँटीनमध्ये मी बसले की टेबल रिकामं होतं, ऐसपैस जेवता येतं. फोरमनकाका तेवढे डबा घेऊन येतात. परवा म्हणाले, "पोरी, तुझं बरोबर आहे. पण मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, म्हणून हे मी फक्त जेवताना म्हणतो." मी त्यांना दोष देत नाही. जेवताना तरी म्हणतात.

मग गेल्या आठवड्यात कळलं की माझ्या सहीची गरजच उरलेली नाही. नियमात सोय आहे: पार्कचा इंजिनिअर सही करत नसेल तर परवाना असलेल्या बाहेरच्या सल्लागाराची चालते. असे एक सल्लागार मिळाले. निवृत्त आहेत, अनुभव दांडगा, खात्यात अजून मान आहे, असं ऐकलं. कोण ते मी विचारलं नाही. अहवाल मात्र माझ्या नजरेखालून गेला, कारण झेरॉक्सचं मशीनही आता गोदामातच असतं. सात पानं आहेत. पहिल्यावर शीर्षक, दुसऱ्यावर उरलेल्या पाचांची अनुक्रमणिका, मग तीन पानं कारखान्याचा लौकिक, मग एक वाक्य: 'सामायिक दांडी सर्व प्रवाशांना पुरेशी आहे.' पुरेशी. किती, ते नाही. मला ज्यांनी गणित शिकवलं त्यांनी एकदा उत्तर बरोबर असूनही पुढे सेंटिमीटर लिहिलं नाही म्हणून शून्य दिलं होतं आणि मी जेवले नव्हते. त्यांच्या हाती हे वाक्य पडलं असतं तर, असा विचार करत मी प्रती काढल्या. सोबत फक्त जाहिरातीची फाइल जोडलेली होती. शेवटच्या पानावर प्रत्यक्ष जागेवर येऊन पाहणी केल्याची तारीख आहे. त्या तारखेला फाटकावरच्या नोंदवहीत एक दुधाची गाडी, एक नळदुरुस्तीवाला आणि दोन शाळांच्या सहली आहेत. सल्लागार नाहीत. (वही मी दोनदा पाहिली. फूटपट्टीच ती.) फाइल येत्या सोमवारी खात्याकडे जाणार आहे.

असो. तर जुळवून घेण्याबद्दल म्हणाल, तर मी मनापासून प्रयत्न केला, पण जुळत नाही. तेरा सेंटिमीटर उरतात. पत्र फार लांबलं. तुम्ही उन्हात फिरू नका, गुडघ्याला शेक घेत जा, आणि आईचा फोन आला तर मी नीट जेवते एवढं सांगा.

तुमची,
भाची

ता. क. सल्लागार कोण ते मी विचारलं नाही, असं वर लिहिलंय ते खरं आहे. विचारायची गरज पडली नाही, सही तुमची आहे. कोणीतरी तिची नक्कल केली असेल, अशी मी अर्धा दिवस आशा केली. मग पान खिडकीला लावून पाहिलं. साहेबांनी तुम्हाला एकच फाइल पाठवली असणार, असं मी धरून चालले आहे आणि तसंच धरून चालणार आहे. म्हणून बांधकामाच्या फाइलीतलं कारखान्याचं उत्तर सोबत जोडलंय. 'मात्र'च्या पुढच्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे. त्यामागे खात्याच्या नावे दोन ओळींचं पत्र टाइप करून ठेवलंय: हे उत्तर मला दाखवण्यात आलं नव्हतं, म्हणून माझा अहवाल मी मागे घेतो. पाहणीच्या तारखेबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. एवढ्या एका कागदासाठी वरचं सगळं लिहिलं. खाली सहीची जागा आहे. वाचल्याशिवाय करू नका.

ता. क. २. यातलं काही मामींना सांगू नका, असंही लिहिणार होते, पण काल फोनवर त्यांनीच विषय काढला. साहेबांनी तुमच्या सगळ्या घरासाठी पार्कचा कायमचा पास पाठवलाय आणि तो तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवलाय, हे त्यांच्याकडून समजलं. नातवाची उंचीही त्यांनी न विचारता सांगितली, दाराच्या चौकटीला लावून मोजली म्हणे: सत्त्याण्णव. त्या म्हणाल्या, "तू पत्र टाक. मी समोर बसून त्यांच्याकडून वाचून घेते."

ता. क. ३. खात्याला माझं पत्र मी सोमवारी सकाळी दहाला हातोहात देणार आहे, मापांसकट. हे तुम्हाला शुक्रवारी मिळेल. माझ्या पत्रात सहाव्या परिच्छेदात तुमचं नाव येतं, ते टाळता येत नाही. त्याच्याखाली मी एक ओळ मोकळी ठेवली आहे. तुमचा कागद वेळेवर आला, तर 'सल्लागारांनी आपला अहवाल स्वतःहून मागे घेतला आहे' असं तिथे लिहीन; लिहून पाहिलं, एका ओळीत बसतं. नाही आला, तर ती ओळ तशीच जाईल. तिथे घालायला माझ्याकडे दुसरं वाक्य नाही.